झोरायाला आई नसते

ट्राममध्ये बसायला जागा मिळाली म्हणून मी फोन काढला, आणि त्यात माझं तोंड दुसऱ्याच बाईच्या आवाजात बोललं. आधी वाटलं, कानात घातलेलं यंत्र बिघडलं असेल. पुन्हा लावलं. चेहरा माझाच होता. हनुवटीवर रंगवलेलं खोटं गोंदण, केसांत वाळू, डोकं सिनेमातल्या त्या उंच नटाच्या मांडीवर. ओठ माझे हलत होते आणि आवाज येत होता कुणा गोड, धुऊन इस्त्री केलेल्या मुलीचा: 'जा तू, माझ्या काळजा. मेल्यावरही मी तुझी वाट पाहीन.' माझे ओठ मिटले तरी ती क्षणभर बोलतच राहिली. चित्राखाली नूफिस्साचा निरोप होता. सिनेमाचं इथलं सगळं काम नूफिस्सा बघते, आणि काम अडलं की मला मानानं लल्ला म्हणते. 'लल्ला तामू, रागावू नकोस. हा तात्पुरता आवाज आहे. दुपारी स्टुडिओत ये, संहितेतली ओळ आहे तशी म्हण, म्हणजे तुझाच आवाज राहील. नाही म्हणालीस तर मात्र सबंध सिनेमाला ही पॅरिसची मुलगी बोलेल. दिग्दर्शक साहेब हट्टाला पेटलेत.' मी म्हणाले, "म्हणणार नाही." हे मोठ्यानं म्हणाले असणार, कारण समोर पुदिन्याची जुडी मांडीवर घेऊन बसलेली बाई पुढं वाकली. "नकोच म्हणूस," ती म्हणाली. "अजिबात नको म्हणूस. कोण आहे तो मेला?"

मी माझ्या स्टॉपच्या आधीच उतरले. चालल्याशिवाय डोकं ठिकाणावर येणार नव्हतं. कासाब्लांकात समुद्र दिसत नसला तरी अंगाला चिकटत राहतो. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, आणि आमच्या कोरड्या मुलखातून आलेल्या माणसाला इतक्या वर्षांनंतरही वाटतं की आपण कुणाच्या तरी तोंडातून चालतोय. वाटेत एका दुकानाच्या काचेत मी स्वतःकडं बघत ओठ हलवून पाहिले. आवाज न काढता. दुकानदाराला वाटलं मला बूट हवेत. गंमत अशी की मी स्वतः पोट भरते ते दुसऱ्यांच्या तोंडात बोलून. तुर्की मालिका येतात, त्यातल्या बायकांना मी काझाच्या, म्हणजे कासाब्लांकाच्या, बोलीत बोलायला लावते. बोस्फरसच्या काठावरचे मोठे बंगले, रेशमी झगे, आणि जिन्यावर उभं राहून रडणं. किती जणींना मी रडवलंय याला गणती नाही. त्यांच्या ओठांवर माझे शब्द अचूक बसवायचे हीच माझी कला, आणि त्यात मी चांगली आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण त्या बायकांचा आवाज काढून घेऊन मी तिथं बसते, हे आजवर कधी मनात आलं नव्हतं. त्यातल्या एखादीची आई कुठल्या तरी गावात बसली असेल, तिला डोळ्यांनी दिसत नसेल. आज पहिल्यांदा मला त्या तुर्की बाया बहिणींसारख्या वाटल्या, आणि मग स्वतःचाच राग आला, कारण आता बहिणी शोधत बसायची ही वेळ नव्हती.

माझ्या इम्मीला, आईला, दिसत नाही. साखरेनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. सावकाश नेला, म्हणजे वर्षभर ती तापल्या खड्यांवर भाकरी भाजताना म्हणायची की हल्ली खडे काळे यायला लागलेत, आणि आम्ही हसायचो. वाळवंटातले सिनेमे जिथं काढतात त्या वारझाझात नदीपलीकडं आमची वस्ती आहे, ताबुंत. तिथल्या बायका जगातल्या सगळ्या देशांच्या नागरिक आहेत. स्टुडिओची गाडी पहाटे यायची आणि बायका भरून न्यायची. कधी त्या मिसरच्या गुलाम व्हायच्या, कधी जेरुसलेमच्या, कधी रोमच्या. एकदा तर बर्फातल्या लामांच्या गावात उभ्या राहिल्या, अंगावर लोकर आणि वर आमचं ऊन. इम्मीनं हे काम माझ्या जन्माआधीपासून केलं. तरुणपणी एका सिनेमात ती नायिकाही होती, अर्धी. टोळीप्रमुखाच्या मुलीचं काम एका गोऱ्या बाईनं तोंडाला काजळीसारखं काही फासून केलं होतं. पण त्या बाईला डोक्यावर घडा घेऊन चढ चढता येईना, उंटावर बसता येईना. म्हणून लांबून दिसणारी ती मुलगी म्हणजे इम्मी. "तोंड तिचं, पाठ माझी," ती सांगायची. आमच्या घरातली पाठ सिनेमात आधी गेली, तोंड नंतर. त्या मुलीला शेवटी गोळी लागते. तेव्हाही डोंगरावरून गडगडत खाली आली ती इम्मीच, आणि गोरी बाई तळाशी येऊन झोपली. बोलायला मात्र इम्मीला कुणी कधी दिलं नाही. गर्दीला ओळ नसते. गर्दीनं ओरडायचं, जीभ हलवून आनंदाचा सूर काढायचा, नाहीतर हंबरडा फोडायचा. इम्मी तिन्ही करायची. "रोमनांनी मारलं मला, इंग्रजांनी मारलं, एकदा उंटाखाली येऊन मेले," ती बोटांवर मोजत सांगायची, "पण एकदाही कुणी विचारलं नाही, की बाई गं, मरताना तुला काही म्हणायचंय का?"

म्हणून मला हे काम मिळालं तेव्हा सबंध ताबुंतनं आनंद केला. या वेळी तोंडही आमचं, पाठही आमची. गोष्ट तीच होती. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी साहेब वाळूत गाडलेलं शहर शोधत येतो, टोळीप्रमुखाची मुलगी त्याला वाट दाखवते, तीन प्रसंगांत त्याच्यावर जीव टाकते, त्याच्यावर झाडलेली गोळी स्वतः घेते आणि मरते, म्हणजे त्याला मोकळेपणी लंडनला परत जाता यावं. लंडनला एक मुलगी पियानो वाजवत बसलेली असते. माझं नाव झोराया. हे नाव आमच्या खोऱ्यात कुत्र्यालाही कुणी ठेवलेलं नाही. लग्नातली सगळी चांदी माझ्या अंगावर चढवून मला रोज पाण्याला पाठवायचे. मी एकदा सांगितलं, की एवढं घालून पाण्याला गेलेली मुलगी घरी परत येणार नाही, चोर घेऊन जातील. तर हॉलोवे साहेब, म्हणजे आमचे दिग्दर्शक, खूप हसले आणि चांदी तशीच राहिली. माणूस वाईट नाही. सकाळी सगळ्यांचे हात हातात घेऊन विचारपूस करायचा, म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायला लावायचा. मी त्याला पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "हिला आई कुठं आहे?" तो म्हणाला, "आई नाही. लहानपणीच गेली." पूर्वीच्या त्या सिनेमातल्या मुलीलाही आई नव्हती, मी इम्मीला फोनवर विचारून खात्री केली. इम्मी म्हणाली, "कशी असेल? आई असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं तिनं, हा कोण, कुणाचा, परत जाणार कधी. सिनेमा तिथंच संपला असता."

आणि तो काळजाचा शब्द. तासा, म्हणजे काळीज, पोटातलं यकृत. संहितेत आधी साधं होतं, 'माझं हृदय तुझं आहे.' मग साहेबांना कुणीतरी पॅरिसहून कळवलं, की या लोकांत प्रेम हृदयात नसतं, काळजात असतं. झालं, साहेबांना तो शब्द असा आवडला की ते दिवसभर स्वतःशी म्हणत फिरायचे. खोटं काहीच नव्हतं त्यात, फक्त अर्धं होतं. आमच्याकडं दोन्ही आहेत, आणि दोन्हींची घरं वेगळी. पुरुषावर जीव बसला तर ते हृदयाचं काम. तेही कुणी असं उघड बोलून दाखवत नाही, गाण्यात म्हणतात आणि गाणं दुसऱ्याच कुणाचं आहे असं दाखवतात. काळीज हे पोटच्या पोराचं. पोर गेलं की काळीज जळलं म्हणतात. माझ्याआधी इम्मीची दोन गेली, आणि मी जगेन की नाही याची धास्ती म्हणून तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. नाव घेतलं तर दृष्ट लागेल. आजही नाही मारत. 'काळजा' म्हणते. सबंध जगात मला ती एकटीच तसं म्हणते. आणि आता तो शब्द मी त्या उंच, निळ्या डोळ्यांच्या, रोज दुपारी अंगाला मलम चोळून घेणाऱ्या माणसाला म्हणायचा होता. ताबुंतच्या बायकांना कळलं तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. "अगं, एवढं मोठं बाळ! अंगावर पाजणार का त्याला?" हे साहेबांना समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. ते म्हणाले, "उलट छान! तिच्या प्रेमात आईपणही आहे."

हिशाम गेला त्या दिवसाची आठवण मला याच रस्त्यावर का यावी, कोण जाणे. माझं लग्न फार टिकलं नाही. तो दोन बॅगा घेऊन दारात उभा होता आणि मला काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तो वाट पाहतोय. म्हणायला सगळं होतं, अगदी सगळं. आणि मी म्हणाले, "दार ओढून घे, वारा येतो." तो वर्षानुवर्षं लोकांना सांगत फिरला की तामू दगड आहे. मी दगड नव्हते. मी फार रडले, नंतर. पण सोडून जाणाऱ्या माणसाच्या पायाशी शब्द ओतायचे असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्या सिनेमात ते शिकवतात त्यात मरावं लागतं.

मरायच्या दिवशी मी इम्मीला सेटवर आणवलं. तिला यायचं होतं. हंबरडा फोडायला डोळे लागत नाहीत, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिला कड्यावर बायकांच्या घोळक्यात बसवलं, शेजारच्या बायकांनी दोन्ही बाजूंनी हात धरले. त्यांच्यासाठी वर वेगळा माईक लावला होता. आमच्या घरात एक रीत आहे, ती इथं सांगायलाच हवी. डोळे गेल्यावर एकदा घरात कुणी नसताना इम्मी हाक मारत मारत उंबऱ्याबाहेर गेली आणि शेजाऱ्यांनी भिंतीसाठी कालवलेल्या चुन्यात पडली. तेव्हापासून ठरलं, की तिची हाक आली की जो कुणी असेल त्यानं असेल तिथून, असेल त्या स्थितीत, तोंडात घास असला तरी ओ द्यायची. 'हय्यी' म्हणायचं. ही बघ मी, इथंच. मी कासाब्लांकात राहते, तरी फोनवर तिचं पहिलं वाक्य 'कुठं आहेस' असतं आणि माझं 'हय्यी'. झोपेत देते मी ओ. तर त्या दिवशी गोळीचा बार झाला, मी पडले, उंच नटानं मला मांडीवर घेतलं, वर बायकांनी हंबरडा फोडला. इम्मीनं उभ्या आयुष्यात असे किती बार ऐकले असतील. पण या वेळी पडणारी मी होते, आणि तिला दिसत नव्हतं. सगळ्या रडण्यावरून तिचा आवाज आला: "कुठं आहेस गं, माझ्या काळजा?" आणि मी मरता मरता ओ दिली. "हय्यी, इम्मी. इथंच आहे. घाबरू नकोस, काही झालं नाही मला." डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं. त्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडं कड्याकडं बघत मी ते बोलले आणि मग, काम पुरं करायचं म्हणून, मेले.

साहेबांनी थांबा म्हटलं नाही. उंच नट खरोखर रडत होता. साहेब टोपी काढून दूर जाऊन उभे राहिले, परत आले तेव्हा त्यांचं नाक लाल होतं. "ओळ थोडी बदललीस," ते म्हणाले, "पण किती खरी म्हणालीस. कुणाचा विचार केलास?" मी म्हणाले, "आईचा." ते म्हणाले, माफ करा, हे विचारायला नको होतं. तेवढ्यात वर कड्यावर आख्खी वस्ती हसायला लागली. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "मेलेली म्हणते काही झालं नाही मला!" साहेबांनी मदतनीसाला विचारलं, या का हसतायत? तो आमचाच होता. म्हणाला, "आनंद झालाय त्यांना." इम्मी मात्र हसली नाही. मी वर गेले तेव्हा तिनं माझी कूस, पाठ, मान हातानं चाचपून पाहिली, जिथं लाल रंग लावला होता तिथून फिरलेली बोटं नाकाशी नेली, आणि मगच म्हणाली, "पाक आहे साखरेचा." त्यानंतर दर आठवड्याला फोनवर तिचा एकच प्रश्न. "ठेवलं का त्यांनी? माझं नको. तुझं 'हय्यी' ठेवलं का? वस्तीत पडदा लावणार आहेत म्हणे. सगळे बघतील. मी आपली ऐकेन." तो एकच प्रसंग पूर्ण बोलका होता माझा. बाकीच्या सिनेमात मी बहुतेक वाट दाखवते, नुसती बोटानं. मग पॅरिसहून कुणीतरी साहेबांना कळवलं की मरताना ही संहितेतली ओळ म्हणतच नाही, म्हणून आता हे सगळं.

स्टुडिओच्या जिन्यापाशी आले तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. तोंडच उघडायचं नाही. त्यांनी त्या मुलीला घ्यायचं असेल तर घ्यावं, पण माझ्या घशातून तो शब्द त्या माणसाकडं जाणार नाही. एवढं ठरलं आणि लगेच दुसरं मन म्हणालं, म्हणजे इम्मी पडद्यासमोर बसेल आणि तिच्या कानावर परक्या मुलीचा आवाज पडेल. ती शेजारणीला विचारेल, माझी पोर कधी येते? आणि शेजारीण म्हणेल, केव्हाची समोर आहे, बोलतेय की. हे डोळ्यांसमोर आलं आणि मी जिन्यात बसले. संहितेतली ओळ म्हणाले तर इम्मी माझा आवाज ऐकेल, आणि त्या आवाजात तिचा शब्द दुसऱ्याला दिलेला ऐकेल. न म्हणाले तर काहीच ऐकणार नाही. दोन्हीकडून ती आंधळी ती आंधळीच. मला रडू आलं नाही, राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. वरून नूफिस्सानं वाकून पाहिलं. "जिन्यात काय बसलीस, भिकाऱ्यासारखी? वर ये, साहेब पडद्यावर येऊन बसलेत."

साहेब एका छोट्या पडद्यावर लंडनहून बघत होते, हातात कप. काचेपलीकडं यंत्रांपुढं इद्दर होता. आमच्याच डोंगरातला, पण लहानपणापासून काझात. तुर्की मालिकांत आम्ही एकत्र काम करतो, म्हणून त्याच्याशी फार बोलावं लागत नाही. मी कानांवर यंत्र चढवलं, माईकपुढं उभी राहिले. चित्र सुरू झालं, माझं तोंड हललं, खोलीत शांतता. पुन्हा लावलं. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, काही अडचण आहे का? त्यांचं इंग्रजी मला समजतं, पण मी नूफिस्साकडून ऐकून घेते. तेवढाच विचाराला वेळ मिळतो.

"ओठ बसत नाहीत," मी म्हणाले. "मी तिथं 'इम्मी' म्हणतेय. ओठ मिटतात. तुमच्या ओळीत त्या जागी ओठ मिटायला काही नाही."

"लक्षात येणार नाही कुणाच्या," साहेब म्हणाले. "सगळे तिच्या डोळ्यांकडं बघतील."

"तेच सांगतेय. डोळे बघा तिचे. ती त्याच्याकडं बघतच नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हो," ते म्हणाले, "ते आम्हालाही खटकतंय. कापून पाहिलं, फिरवून पाहिलं. कुठं बघतेयस तू?"

नूफिस्सा माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "ए बाई, वाढवू नकोस. एक ओळ आहे. म्हण आणि सुट. मी तुला खाली नेऊन मासे खायला घालते."

"इद्दर," मी म्हणाले, "त्या दिवशीचा बायकांचा माईक आहे का तुझ्याकडं? वरच्या कड्यावरचा?"

"सगळं पाठवलंय त्यांनी," इद्दर म्हणाला. "पण तो बंद ठेवायला सांगितलाय. नुसता गोंगाट आहे म्हणे."

"तो लाव. माझा त्या दिवशीचा बंदच राहू दे, तो लाव."

त्यानं नूफिस्साकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं मान हलवली असती. त्यानं खाली बघून काहीतरी सरकवलं आणि चित्र पुन्हा सुरू झालं. कानांत एकदम वारा भरला, आमचा वारा, धुळीचा कोरडा. मग बार. मग ताबुंतच्या बायका, सगळ्या एकदम, आणि त्या रडण्यात मला एकेक गळा ओळखू येत होता. मी दात घट्ट मिटून घेतले होते. माईकपुढं उभं राहून एक श्वाससुद्धा त्यांना द्यायचा नाही, असं ठरवून. आणि त्या सगळ्यांच्या वरून, माझ्या अगदी कानाशी, ती म्हणाली, "कुठं आहेस गं, माझ्या काळजा?"

"हय्यी, इम्मी," मी म्हणाले. "इथंच आहे. घाबरू नकोस, काही झालं नाही मला."

बोलून गेल्यावर कळलं. समोर पडद्यावर माझे ओठ नुकतेच मिटत होते, आणि माईकचा लाल दिवा चालू होता. काचेपलीकडं इद्दरनं दोन्ही हात यंत्रावरून उचलून हवेत धरले होते, काही सांडेल अशा भीतीनं. तो म्हणाला, "बसलं. केसाइतकाही फरक नाही."

नूफिस्साला आमची भाषा येत नाही. ती म्हणाली, कुणी सांगेल का मला काय चाललंय? इद्दरनं तिला सांगितलं, तिनं साहेबांना सांगितलं. वर एक बाई विचारते कुठं आहेस, आणि ही म्हणते इथंच आहे.

"पण झोरायाला आई नाही," साहेब म्हणाले.

"आहे," मी म्हणाले. या वेळी नूफिस्सासाठी थांबले नाही. "आत्ता ओरडली की."

"मग माझ्या नायकाला ती शेवटी काय म्हणते?"

"त्याला काही नाही म्हणत."

"लोकांना वाटेल तिचं त्याच्यावर प्रेम नव्हतं."

"असेल," मी म्हणाले. "असेलही प्रेम. पण आईनं हाक मारली."

हे मी फार मोठ्यानं म्हणाले नाही. पण म्हणताना मला आपले पाय जमिनीवर आहेत असं वाटलं, सकाळपासून पहिल्यांदाच. त्यांनी त्या मुलीला घेतलं असतं तरी आता मी हललेच नसते तिथून. साहेब म्हणाले, पुन्हा लावा. इद्दरनं लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी साहेबांचा हात डोक्याकडं गेला. टोपी नव्हती, म्हणून नुसताच केसांवरून फिरला. "ती आवाजाकडं बघतेय," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आणि काळजाचा शब्द आहेच की यात! मी म्हणत होतो ना, तो शब्द राहायलाच हवा." मी म्हणाले, "हो, तुम्ही म्हणत होता." काय बिघडतं? त्यांनी विचारलं, तळाशी इंग्रजीत काय लिहू? मी म्हणाले, जे म्हटलंय ते लिहा, नाहीतर हवं ते लिहा; माझी आई वाचत नाही. नूफिस्सा हे भाषांतर करताना अडखळली, आणि नक्की काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

मासे मी खाल्ले नाहीत, बाहेर आले. पायरीवर उभी राहून घाम पुसतेय तोच फोन वाजला. तिचीच वेळ होती.

"कुठं आहेस?"

"हय्यी."

"ठेवलं का?"

"ठेवलं. तुझंही ठेवलं, इम्मी. तू ओरडलीस ते."

मागं कुणाची तरी कोंबडी बोलत होती. मग ती सावधपणे म्हणाली, "ओळ म्हणून? का गर्दी म्हणून?"

"ओळ म्हणून. आधी तुझी, मग माझी."

"मग मी मरते का शेवटी?"

"नाही. तू नाही मरत. मी मरते."

"मरतेस आणि मला ओ देतेस?"

"देते."

इम्मीनं विचार केला. मला तो ऐकू येत होता. ती विचार करताना जिभेनं दात चाचपते. "मग मेलीस कुठं?" ती म्हणाली, आणि शेजारणीला सांगायला फोन तसाच चालू ठेवून उठली.